बटाट्याच्या पानांना पुन्हा पुन्हा बारीक भोके: उडद्या भुंगेऱ्याची पाहणी कुठे चुकते

समस्या दरवर्षीची आहे. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगडकडच्या तांबड्या रानात खरिपाचा बटाटा असो की पाण्याची सोय असलेल्या रानात रब्बीचा, उगवण होऊन दोन-तीन आठवडे झाले की पानांवर एक ते तीन मिलीमीटरची गोल भोके दिसू लागतात. दुकानातून औषध येते, फवारणी होते. चार दिवसांनी रानात जावे तर भोके पहिल्यापेक्षा मोठी आणि जास्त. मग दुसरे औषध, त्यात तिसऱ्याचे मिश्रण. काढणीपर्यंत चार-पाच फवारण्या होऊन जातात आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

यात बहुतेक वेळा औषध लागू पडलेले असते. चूक असते ती मोजण्यात: आठवड्यापूर्वी झालेले नुकसान बघून आजची फवारणी ठरवली जाते. म्हणून इथे औषधांपेक्षा पाहणीबद्दलच जास्त लिहिले आहे.

आधी कीड तीच आहे का?

उडद्या भुंगेरा मोहरीच्या दाण्याएवढा असतो: दीड ते तीन मिलीमीटर, काळा किंवा गडद तपकिरी, चकचकीत. मागच्या पायांच्या मांड्या जाड असतात, त्यामुळे हात जवळ नेला की टुणकन उडी मारून मातीत दिसेनासा होतो. वांगी, टोमॅटो आणि बटाटा ही त्याची आवडती पिके. द्राक्षबागेत ज्याला उडद्या म्हणतात तो वेगळा कीटक आहे, त्याची शिफारस बटाट्याला लावू नका.

उडी मारते म्हणून उडद्याच, असेही धरू नका. तुडतुडे पण उडतात, पण ते हिरवट, पाचरीच्या आकाराचे असतात, पानावर तिरके चालतात आणि रस शोषतात. त्यांच्यामुळे पानाची कड पिवळी पडून वळते, भोक पडत नाही. ठिपक्यांचा भुंगेरा (पाठीवर काळे ठिपके असलेला, वांग्यावर नेहमी दिसणारा) पानाचा हिरवा भाग खरवडून खातो आणि शिरांची जाळी मागे ठेवतो. पाने खाणाऱ्या अळीची भोके मोठी, वेडीवाकडी असतात आणि पानावर काळी-हिरवी विष्ठा सापडते. लवकर येणाऱ्या करप्याच्या डागात एकात एक वलये असतात आणि भोवती पिवळी कड. हा फरक भिंगातून दोन मिनिटांत कळतो. दहापट मोठे दाखवणारे साधे घडीचे भिंग खिशात असू द्या, यावर केलेला खर्च एका वाचलेल्या फवारणीत निघतो.

खात्री होत नसेल तर पाच-दहा भुंगेरे पकडून छोट्या बाटलीत पातळ सॅनिटायझरमध्ये टाका (जेल नको, त्यात कीटक चिकटतो आणि पाय तुटतात). बाटलीवर पेन्सिलीने गाव, तारीख आणि पीक लिहा आणि कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. नुसता मोबाइलवरचा फोटो इतक्या लहान भुंगेऱ्याला पुरत नाही.

भोक आज दिसते, खाल्लेले असते चार दिवसांपूर्वी

सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

भुंगेरा पान आरपार खातोच असे नाही. तो बहुधा एका बाजूने छोटा खड्डा कोरतो आणि दुसऱ्या बाजूची पातळ साल तशीच राहते. ते पान आभाळाकडे धरून पाहिले की त्या जागी फिकट, उजेड झिरपणारा ठिपका दिसतो. वरून नुसते पाहिले तर सहसा लक्षातही येत नाही. काही दिवसांत ती साल सुकते, तपकिरी होते आणि गळून पडते. तेव्हा कुठे भोक तयार होते. म्हणजे सोमवारी फवारणी करून सगळे भुंगेरे मेले, तरी शुक्रवारी भोके वाढलेली दिसणारच. ती रविवारच्या खाण्याची असतात.

दुसरी गोष्ट, कोवळे पान वाढते तसे त्यावरचे भोकही ताणले जाते. एक मिलीमीटरचे भोक पान पूर्ण उघडेपर्यंत तीन मिलीमीटरचे होते. भुंगेरा तिथे परत आलेला नसतो.

तिसरी गोष्ट, डोळा फसतो. टोकाची पर्णिका (बटाट्याच्या एका पानात असणाऱ्या छोट्या पानांतले टोकाचे) समजा सहा सेंटीमीटर लांब आणि चार सेंटीमीटर रुंद आहे. तिचे क्षेत्र साधारण १,९०० चौरस मिलीमीटर भरते. दोन मिलीमीटरच्या एका भोकात तीन चौरस मिलीमीटरच्या आसपास पान जाते. अशी वीस भोके असली तरी पर्णिकेचा तीन-साडेतीन टक्केच भाग गेलेला असतो. दहा टक्के व्हायला साठ भोके लागतात. वीस भोकांचे पान पाहून माणूस घाबरतो आणि ‘निम्मे पान खाल्ले’ म्हणून सांगतो. जोमदार झाड फुलोऱ्यापूर्वी दहाव्या हिश्शापर्यंत पान गमावले तरी नवी पाने काढून भरपाई करते.

ताजा खड्डा कसा ओळखायचा? त्याची कड हिरवी किंवा फिकट पांढरट, ओलसर असते. जुन्या भोकाला सुकलेली तपकिरी कड असते. मोजायचे ते पहिले.

लोकरीची खूण

औषध लागू पडले की नाही, हे ठरवायचा यापेक्षा सोपा मार्ग नाही.

फवारणीच्या दिवशी रानात वेगवेगळ्या जागी दहा झाडे निवडा. त्यातली पाच बांधाकडची, पाच मधली. प्रत्येक झाडाच्या शेंड्याला जे सर्वांत नवे पूर्ण उघडलेले पान आहे, त्याच्या देठाला लाल लोकरीचा तुकडा सैल बांधा. घट्ट बांधल्यास देठ कापला जातो. शेजारी एक काठी रोवा, नाहीतर पाचव्या दिवशी झाड सापडत नाही.

पाच दिवसांनी लोकरीच्या खालची पाने बघायचीच नाहीत. तिथली भोके वाढलेली असतील, असू द्या. फक्त लोकरीच्या वर नव्याने उघडलेली पाने तपासा, आणि प्रत्येक पान आभाळाकडे धरून तपासा, कारण ताज्या खड्ड्याचे अजून भोक झालेले नसते.

दहापैकी आठ-नऊ झाडांची नवी पाने स्वच्छ असतील तर हल्ला थांबला आहे. जुन्या पानांची चाळण झालेली असली तरी पंप उचलू नका. बांधाकडच्या पाच झाडांवर ताजे खड्डे आणि मधली पाच स्वच्छ असतील तर बाहेरून नवे भुंगेरे येत आहेत. दोन्हीकडे सारखेच खड्डे असतील, तरच औषध, पाण्याचे प्रमाण किंवा फवारणीची वेळ यांतले काहीतरी चुकले असे म्हणता येते.

बियाण्याला आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून पानांत पोहोचणाऱ्या) कीटकनाशकाची प्रक्रिया केली असेल तर थोडे खड्डे पडणारच. भुंगेऱ्याने पान चावल्याशिवाय औषध त्याच्या पोटात जात नाही. अशा रानात तुरळक खड्डे दिसतात, पण जिवंत भुंगेरे फारसे दिसत नाहीत. हे अपयश समजू नका.

पाहणी कधी, कुठे, किती

उन्हात, साधारण सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान, वारा कमी असताना. ऊन असले की भुंगेरे वरच्या पानांवर येतात. सकाळी दव असताना किंवा भुरभुर पावसात ते खालच्या पानांत, ढेकळांत दडतात; अशा वेळी ‘एकही दिसला नाही’ ही नोंद फसवी असते. खरिपात आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. तेव्हा ठरलेल्या वाराला पाहणी करायचा हट्ट सोडा आणि उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी रानात जा. उघडीप लांबली की भुंगेऱ्यांची हालचाल वाढते, त्या काळात आठवड्यातून दोन पाहण्या हव्यात. रब्बीत उगवणीपासून भर लावेपर्यंत दोन, पुढे एक पुरते.

एक एकराला पाच जागा: चार बाजूंच्या बांधांपासून दुसरी-तिसरी सरी, आणि एक मधोमध. प्रत्येक जागी सलग दहा झाडे. एकूण ५० झाडे, सवय झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाचे काम. फक्त रस्त्याकडची सरी बघून परत येणे ही सर्वांत नेहमीची चूक. भुंगेरा कडेने आत शिरतो, त्यामुळे कडेचा आकडा साऱ्या रानाला लावला की नुकसान कितीतरी पट मोठे वाटते. आणि फक्त मधले पाहिले तर सुरुवात हुकते.

झाडाजवळ जायची पद्धत महत्त्वाची. सूर्य समोर ठेवून चाला, म्हणजे तुमची सावली मागे पडेल. सावली झाडावर पडली की भुंगेरे उड्या मारतात आणि मोजायला काही उरत नाही. एक पाऊल अलीकडे थांबा, हात न लावता वरच्या पानांवरचे भुंगेरे मोजा, आकडा मनात ठेवा. मग पुढे होऊन शेंड्याकडून चौथे पूर्ण उघडलेले पान धरा आणि त्याच्या टोकाच्या पर्णिकेवरचे ताजे खड्डे मोजा. दर वेळी तेच चौथे पान, तीच टोकाची पर्णिका. आज वरचे, पुढच्या वेळी खालचे पान घेतले तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

झाडे गुडघ्याला लागली की नुसत्या डोळ्यांनी मोजणे अवघड जाते. तेव्हा पांढरी परात झाडाखाली तिरकी धरून फांदी दोन-तीनदा झटकन हलवा. परातीत थेंबभर साबण घातलेले बोटभर पाणी ठेवा, नाहीतर पडलेला भुंगेरा मोजायच्या आत उडून जातो.

वहीत एका ओळीत इतके पुरे: तारीख, पिकाचे दिवस, ऊन की ढग, कडेच्या ४० झाडांवरचे भुंगेरे, मधल्या १० वरचे, ताज्या खड्ड्यांची सरासरी, आधीच्या पाच दिवसांतला पाऊस आणि फवारणी. कडेचा आणि मधला आकडा वेगळा लिहा. एकत्र केला की निम्मी माहिती हरवते.

पिवळे चिकट सापळे: काय बिघडते

सापळा हा पहारा आहे, उपाय नाही. पहिले भुंगेरे कधी आणि कोणत्या बाजूने आले, एवढे तो चांगले सांगतो. एकरी आठ-दहा सापळे, त्यातले बहुतेक बांधालगत, उगवण व्हायच्या आधीच लावा. नेहमी चुकते ते असे:

उंची. कपाशी-मिरचीच्या सवयीने सापळा कमरेएवढा उंच बांधला जातो. उडद्या जमिनीलगत फिरतो. सापळ्याची खालची कड झाडाच्या शेंड्याच्या जेमतेम वर हवी, आणि पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायला हवा.

धूळ. ऊसतोडणीच्या दिवसांत गाड्यांच्या रस्त्यालगतचा सापळा दोन-तीन दिवसांत कोरडा पडतो आणि ‘भुंगेरे कमी झाले’ असे वाटते. बोट लावून पाहा, चिकटत नसेल तर त्या दिवसाचा आकडा लिहू नका. पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे पिवळे रंगवलेले डबे वापरत असाल तर दर चार-पाच दिवसांनी जुने पुसून एरंडेल किंवा ग्रीस पुन्हा लावा.

ओळख. पिवळ्या रंगाला पांढरी माशी, मावा, तुडतुडे, चिलटे सगळेच येतात. काळा ठिपका दिसला की उडद्या मोजू नका. भिंगाखाली कडक, चकचकीत पाठ आणि जाड मागची मांडी दिसली तरच मोजा. ग्रीसमध्ये माखलेला कीटक रॉकेलच्या एका थेंबाने मोकळा होतो.

आकडे हातात आले, आता?

उगवणीपासून झाड वीतभर होईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. पानेच थोडी असतात, त्यामुळे दोन-तीन भुंगेरेही झाडाला जड जातात. या वयात दोन लागोपाठच्या पाहण्यांत मधल्या झाडांवरही आकडा चढत असेल, तर थांबू नका. त्यानंतर फुलोऱ्यापर्यंत झाड बरेच सोसते. फुलोरा आणि कंद पोसण्याच्या दिवसांत पुन्हा जपावे लागते, कारण तेव्हा गेलेल्या पानाची भरपाई कंदाच्या वजनातून होते.

कडेला जास्त आणि मध्ये जवळपास काहीच नाही, असे असेल तर फक्त बाहेरच्या चार-पाच सऱ्या फवारा. अख्खे रान फवारले की मित्रकीटक मरतात, आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे पुन्हा पुन्हा मारली की कोळी (पानातला रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड) आणि मावा बळावतो. शेंड्याची पाने आकसून तांबूस पडायला लागली तर ते बहुधा कोळ्याचे काम असते, त्याला उडद्याचे औषध मारणे म्हणजे आगीत तेल.

मोजणी उन्हात, फवारणी थंडाव्यात. दव ओसरल्यावर पण ऊन तापण्याआधी भुंगेरे सुस्त असतात आणि नोझल जवळ आला तरी लगेच उडी मारत नाहीत. कडेकडून सुरुवात करून आत जा. झाड लहान असताना एकरी १५० लिटर, पानांनी सरी झाकल्यावर २०० लिटर पाणी. १५ लिटरच्या पंपाने म्हणजे अनुक्रमे दहा आणि तेरा-चौदा पंप. सहा-सात पंपांत एकर उरकले असेल तर औषधाला दोष देऊ नका. औषध निवडताना लेबलवर बटाटा पीक आहे का आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे आहे, हे दोन्ही वाचा. कीड हलकी असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क (१०० लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी पावडर, रात्रभर भिजवून, गाळून, २०० ग्रॅम साबणचुऱ्यासह) भुंगेऱ्याचे खाणे कमी करतो, पण तो जोराच्या पावसात धुऊन जातो.

दीड महिन्याने पुन्हा का येतात

अंडी मुळांजवळ मातीत घातली जातात. अळी मुळांवर जगते, मातीतच कोष होतो, आणि अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण पाच ते सात आठवडे लागतात. म्हणून पहिली लाट उगवणीला, दुसरी कंद पोसताना. दुसरी लाट मधूनच निघते, कडेने येत नाही. वहीत मधल्या दहा झाडांचा आकडा अचानक कडेच्या बरोबरीला आला की ती सुरू झाली असे समजा.

मातीतली अळी बघायची असेल तर एक झाड वीतभर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल मातीच्या गड्ड्यासह उचला. बादलीत पाच लिटर पाण्यात दीड किलो जाडे मीठ विरघळवा, गड्डा त्यात फोडून ढवळा आणि दहा मिनिटे थांबा. पाणी जड झाल्याने अळ्या तरंगतात: पांढरी, दोऱ्यासारखी बारीक, चार-पाच मिलीमीटर लांब, डोके तपकिरी, पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या. पाय नसतील तर ती माशीची अळी. ते खारे पाणी रानात ओतू नका.

कंदावरची भोके वेगळा विषय

पानावर उडद्या दिसला होता म्हणून कंदावरच्या भोकांचेही खापर त्याच्यावर फोडले जाते. आपल्याकडे आधी बाकीचे संशयित तपासा. रुंद, उथळ, कुरतडलेले खड्डे हुमणीचे. उसाच्या बेवडावर बटाटा घेतला तर हे हमखास. डोळ्याजवळ भोक, आत काळी विष्ठा आणि जाळे असेल तर बटाट्यावरील पाकोळीची अळी. तीन-चार मिलीमीटरचे सरळ, स्वच्छ बोगदे वायरवर्मचे (मातीतली कडक, तारेसारखी अळी). आणि एका बाजूने घुसून कधी आरपार गेलेले टोकदार भोक असेल, तर लव्हाळ्याचे कोंब तपासा. गवताचा कोंब कंदात शिरतो, तिथे कुठलेही कीटकनाशक चालत नाही.

उडद्याच्या अळीचे काम सालीलगतच असते: बारीक टोचे आणि सालीखाली नागमोडी, बुचासारख्या झालेल्या रेषा. साल सोलल्याशिवाय नीट दिसत नाहीत. सगळ्या जातींचे उडद्या कंद खात नाहीत. पोर्तुगालच्या उत्तरेला २००४ पासून कंदांचे असे नुकसान दिसू लागले. तिथला भुंगेरा आधी एका ज्ञात जातीचा समजला गेला आणि २०१५ मध्ये ती वेगळीच जात असल्याचे दाखवले गेले. दरम्यान युरोपीय संघाने २०१२ मध्ये निर्बंध आणून बाधित भागातून बाहेर जाणाऱ्या कंदांवर ०.१ टक्क्यापेक्षा जास्त माती नसावी अशी अट घातली, कारण कीड मातीबरोबर जाते. परगावचे बेणे उतरवताना पोत्याच्या तळाशी साचलेली माती रानात झटकू नका. खोल खड्ड्यात पुरा.

बांध आणि काढणीनंतरचे रान

बांधावरची कामोनी, धोत्रा, भुईरिंगणी लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे उपटा. उगवण झाल्यावर उपटली तर त्यावरचे भुंगेरे उपाशी राहून थेट बटाट्यावर येतात. शेजारी जुन्या वांग्याचा फड उभा असेल तर त्या बाजूला सापळे दुप्पट ठेवा. उसाच्या पाचटाचे ढीग बांधालगत नकोत, पीक नसताना भुंगेऱ्यांना आसरा मिळतो.

काढणीपूर्वी आठ-दहा दिवस पाला कापला की उरलेले भुंगेरे हिरवे शोधत बाहेर पडतात. जवळ टोमॅटो-वांगी असेल तर त्या आठवड्यात पाहणी तिकडे करा. काढणीत राहून गेलेले कंद पहिल्या पाण्यावर किंवा वळवाच्या पावसावर आपोआप उगवतात. ही सुटी झाडे वीतभर व्हायच्या आत कंदासह उपटा. नुसता शेंडा खुडला तर ती पुन्हा फुटतात, आणि पुढच्या लावणीपर्यंत भुंगेऱ्यांची पिढी तिथेच निघते.